भाकर अर्धी करण्याआधी गोळीचं पाकीट वाचा

कापूस वेचणीचे दिवस. सकाळी पोहे सोडून दोन उकडलेली अंडी खाल्ली, शुगरची गोळी रोजच्यासारखी घेतली आणि वावरात गेलो. अकराच्या सुमारास अंगाला दरदरून घाम सुटला. वारा गार आणि सदरा ओलाचिंब. हात असे थरथरायला लागले की बोंडातला कापूस चिमटीत येईना. बायको काही विचारत होती आणि मी भलतंच काही बोलत होतो म्हणे. "असे काहून बोलून राहिले?" एवढं तिचं एक वाक्य मला आठवतं. वेचणाऱ्या बायांपैकी एकीनं सांगितलं, बाहेरचं लागलं, लिंबू उतरवा. बायकोनं लिंबू शोधण्याऐवजी चहासाठी आणलेली साखर पाण्यात कालवली आणि मला पाजली. उपकेंद्रात पोचेस्तोवर पाऊण तास गेला, तरी मशीनवर आकडा आला ६१.

चूक माझीच होती. मोबाइलवर पाहून भात-भाकर निम्म्यावर आणली, गोळी मात्र होती तेवढीच ठेवली. पहिला घोळ होतो तो इथंच, म्हणून ताटाचं नंतर सांगतो, आधी गोळीचं.

पाकीट उलटं करून वाचा

शुगरच्या गोळ्या सगळ्या एकसारख्या नसतात. काही गोळ्या पोटात काही असो-नसो, शरीराला इन्सुलिन सोडायला लावतात. ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड, ग्लिबेनक्लामाइड ही त्यातली नावं. पाकिटावर ती बारीक अक्षरात असतात, बरेचदा दुसऱ्या औषधासोबत एकाच गोळीत. तुमची गोळी यातली असेल किंवा तुम्ही इन्सुलिन टोचत असाल, तर भात-भाकर कमी केल्याबरोबर साखर धोक्याइतकी खाली जाऊ शकते. सकाळ-संध्याकाळ ठरावीक वेळी घ्यायचं मिश्र इन्सुलिन असेल तर जास्तच, कारण ते टोचलं की जेवणाची वाट पाहत थांबत नाही.

नुसती मेटफॉर्मिन असेल तर ही भीती बरीच कमी.

डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन अशा नावांच्या गोळ्या साखर लघवीवाटे बाहेर टाकतात. या चालू असताना भात-भाकर फारच तोडली, उपास केला किंवा उलट्या-जुलाब लागले, तर रक्तात आम्ल साचून माणूस अत्यवस्थ होऊ शकतो. फसवणारी गोष्ट अशी की त्या वेळी मशीनवर साखर फारशी वाढलेली दिसत नाही. मळमळ, पोटदुखी, धाप लागली तर पित्त समजून घरी बसू नका.

म्हणून पहिली पायरी: सगळी पाकिटं पिशवीत भरून डॉक्टरांकडे न्यायची आणि सरळ सांगायचं, "मी भात-भाकर कमी करणार आहे, डोस काय करू?" बीपीची गोळीही दाखवा, कारण खाणं बदललं की बीपीही उतरतं आणि उठताना चक्कर येते. आपल्या मनानं गोळी बंद करू नका आणि आपल्या मनानं तीच पुढं ओढूही नका. यातली दुसरी चूक मी केली.

ज्यांना लहानपणापासून इन्सुलिन लागतं, ज्या बाया गरोदर आहेत किंवा अंगावर पाजतात, ज्यांची किडनी कमजोर आहे, जे मुळातच काटकुळे आहेत, त्यांनी हा लेख वाचून काही सुरू करू नये. त्यांचं गणित वेगळं असतं.

ताटात किती आहे ते एकदा मोजा

घरी तराजू नसेल तर किराणा दुकानात एका भाकरीचं पीठ तोलून आणा. आमच्याकडची एक भाकर ८० ग्रॅम पिठाची निघाली. ज्वारीच्या १०० ग्रॅम पिठात साधारण ७० ग्रॅम कर्बोदकं, म्हणजे पोटात गेल्यावर जी साखर होतात ती. एका भाकरीत ५५ च्या वर झाली. दोन खाल्ल्या की ११०. रात्री दोन मोठ्या वाट्या भात, ८०-८५. सोबत दोन पोळ्या, आणखी ४०. सकाळी प्लेटभर पोहे, ५०. दिवसाचे तीन चहा दोन-दोन चमचे साखरेचे, २५-३०. वरण, दूध वगैरे धरून माझं दिवसाचं गणित साडेतीनशेवर गेलं. मी स्वतःला कमी जेवणारा समजत होतो.

यात एक गैरसमज मोडतो. विदर्भाच्या पश्चिमेकडे, अमरावती-अकोला-यवतमाळात, शुगर निघाली की पोळी सोडून भाकरीवर येतात आणि मग मनसोक्त तीन भाकरी खातात. भाकर चांगलीच आहे, पण पिठात पीठ म्हणून ज्वारी आणि गव्हात एवढा फरक नाही की मोजायचं सोडून द्यावं. उपासाचा साबुदाणा तर जवळपास निव्वळ स्टार्च. भगरही तांदळाची चुलतबहीणच.

दिवसाला १३० ग्रॅमच्या खाली गेलं की त्याला साधारणपणे कमी कर्बोदकांचा आहार म्हणतात. ५० च्या खाली नेणारे लोक आहेत. उन्हात डवरणी-निंदण करणाऱ्या माणसानं, दवाखाना वीस किलोमीटरवर असताना, त्या वाटेला एकट्यानं जाऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. मी १४० च्या आसपास थांबलो आणि तिथंच आहे.

एका वेळी एकच गोष्ट काढा

पहिला आठवडा फक्त चहातली साखर. दोन चमच्यांवरून एक, मग अर्धा, मग नाही. चार दिवस चहा कडू काढ्यासारखा लागतो, पाचव्या दिवशी सवय होते. कोणाकडे गेलं की मात्र पंचाईत, कारण आपल्याकडे बिनसाखरेचा चहा देणं म्हणजे पाहुण्याचा अपमान. दारातच सांगून टाकायचं.

दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात रात्रीचा भात. पूर्वेकडच्या, भंडारा-गोंदिया-गडचिरोलीच्या मंडळींना हे वाचून हसू येईल. तिकडे जेवण म्हणजेच भात, आणि रेशनवर मिळतो तोही तांदूळच. घरात फुकटचा तांदूळ असताना दुसरं काय शिजवायचं, हा प्रश्न खोटा नाही. त्यांनी भात सोडू नये, वाटी ठरवावी. ताटात आधी भाजी आणि वरण, बोडीतले मासे किंवा झिंगे असतील तर ते, आणि शेवटी एक वाटी भात. आधी भाताचा ढीग आणि वर पातळ वरण ओतलं की वाटी कुठं गेली कळतच नाही.

चौथ्या आठवड्यापासून दुपारची दुसरी भाकर. ती काढली की तिच्या जागी काहीतरी यायलाच हवं, नाहीतर चार वाजता माणूस फुटाणे-चिवड्याच्या डब्यावर तुटून पडतो. इथं विदर्भाचं स्वयंपाकघर मदतीला येतं. पिठलं घट्ट करा. पाटवडी करा, रश्श्यात तेल जरा आवरा. वांग्याचं भरीत, अंबाडी, मेथी, पावसाळ्यात तरोटा, हिवाळ्यात हरभऱ्याची कोवळी भाजी आणि पोपटाच्या शेंगा, उन्हाळ्यात ढेमसं. जवसाची चटणी चमचाभर नाही, दोन-तीन चमचे घ्या. मूठभर शेंगदाणे. जाड ताक. अंडी चालत असतील तर एका अंड्यात ६ ग्रॅम प्रथिनं आणि कर्बोदकं जवळपास नाहीत. सोयाबीन आपण पोत्यांनी पिकवतो आणि वडी होऊन दुकानात आली की विकत घेतो. ती वडी जरूर घ्या, १०० ग्रॅममध्ये प्रथिनं पन्नासच्या आसपास. कच्चं सोयाबीन मात्र नीट शिजवल्याशिवाय किंवा भाजल्याशिवाय खाऊ नये.

बेसन, वरण, उसळी यांतही कर्बोदकं असतात, फक्त प्रथिनांसोबत येतात आणि हळू चढतात. म्हणून "डाळ कितीही चालते" हे खरं नाही. आणि डाळ वाढवायची म्हणून लाखोळीवर भर देऊ नका. महिनोन्महिने तीच मुख्य खाणं झाली की पाय लुळे पडतात, हे पूर्वेकडच्या जुन्या लोकांना चांगलं ठाऊक आहे.

सकाळी पोह्यांऐवजी बेसनाचं धिरडं किंवा अंडी, दुपारी एक भाकर आणि भाजी दुप्पट, रात्री एक पोळी किंवा अर्धी भाकर पिठल्यासोबत. घरच्या बाईला वेगळा स्वयंपाक करावा लागला तर हे महिनाभरही टिकत नाही. भाजी सगळ्यांची तीच ठेवा, फरक फक्त तुमच्या ताटातल्या भाकरीचा. आणि हो, भाकरीचा पापुद्रा काढून पोरांच्या ताटात टाकला की ती कमी झाली असं नसतं. मी तेही करून पाहिलं.

पहिले दहा दिवस अंगात जीव नसल्यासारखं वाटतं

कर्बोदकं घटली की इन्सुलिन घटतं आणि शरीर मीठ-पाणी बाहेर टाकायला लागतं. लघवी वाढते, डोकं धरतं, रात्री पोटऱ्यांना वांब येतात, शौचाला साफ होत नाही. बऱ्याच जणांना हीच शुगर कमी झाली असं वाटतं. मीठ घातलेलं ताक, लिंबू-मीठाचं पाणी बिनसाखरेचं, पालेभाजी आणि भरपूर पाणी यानं आठ-दहा दिवसांत बसतं. बीपी, हृदय किंवा किडनीचा त्रास असेल तर मीठ वाढवण्याआधी विचारा.

याहून फसवी गोष्ट दुसरी. ज्याची साखर वर्षानुवर्षं अडीचशे-तीनशेवर राहिली, त्याचं शरीर त्या आकड्याला सरावलेलं असतं. ती ११० वर आली तरी हात थरथरतात, भूक खवळते, घाबरं होतं. मशीनवर ११० असेल तर साखर खाऊ नका. दोन घोट ताक, थोडे शेंगदाणे, पंधरा मिनिटं सावलीत बसणं पुरतं. काही आठवड्यांत शरीर नव्या आकड्याला रुळतं. पण जवळ मशीन नसेल तर शहाणपणा करू नका, कमीच झाली असं धरून साखर घ्या. एकदा चुकून वाढलेली साखर उतरवता येते.

साखर खाली गेली तर

७० च्या खाली म्हणजे कमी. ५४ च्या खाली म्हणजे गंभीर, डोकं नीट चालत नाही. लक्षणं: घाम, थरथर, छातीत धडधड, ओठांना मुंग्या, अचानक भूक, डोळ्यांपुढं अंधारी, चिडचिड, बरळणं. बीपीच्या काही गोळ्या, ज्यांच्या नावाच्या शेवटी "लोल" येतं, त्या धडधड आणि थरथर झाकून टाकतात. घाम मात्र येतोच. वैशाखात वावरात घाम कोणाला येत नाही? म्हणून घामावर नुसता विश्वास ठेवता येत नाही, बोलणं बिघडतंय का ते सोबतच्यानं पाहायचं.

काय करायचं ते असं. काम तिथंच थांबवा, विळा खाली ठेवा, विहिरीच्या काठावरून दूर व्हा, गाडीवर असाल तर उतरा. तीन-चार सपाट चमचे साखर किंवा ग्लुकोज पावडर अर्धा ग्लास पाण्यात घालून प्या. हे साधारण १५ ग्रॅम होतं. पंधरा मिनिटं थांबा, पुन्हा तपासा. अजून ७० च्या खाली असेल तर पुन्हा तेवढंच. वर आलं की मग अर्धी भाकर किंवा दूध, म्हणजे पुन्हा घसरणार नाही.

पेढा, चॉकलेट, बिस्किट नको. त्यात तूप-तेल असतं, साखर रक्तात पोचायला वेळ लागतो. पाणीच नसेल तर गुळाचा खडा चावून खा. आणि गोळीच्या पाकिटावर व्होग्लिबोझ किंवा अकार्बोज लिहिलेलं असेल तर साधी साखर लवकर लागू पडत नाही, कारण ती फोडायचं कामच या गोळ्या अडवतात. अशांनी खिशात ग्लुकोज पावडरच ठेवावी.

माणूस बेशुद्ध असेल किंवा गिळत नसेल तर तोंडात काहीही घालायचं नाही. साखरपाणी श्वासनळीत जातं. कुशीवर वळवा, कपडे सैल करा, १०८ ला फोन लावा. कांदा, चप्पल हुंगवण्यात वेळ घालवू नका. तासाभरात शुद्धीवर आला म्हणून घरी परतही आणू नका: ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्यांचा असर बराच वेळ राहतो आणि साखर पुन्हा पडते, म्हाताऱ्या माणसाची तर हमखास. दवाखान्यात लक्ष ठेवायला लागतं.

दारूचा वेगळा उल्लेख करायलाच हवा. रिकाम्या पोटी मोहाची असो की दुकानातली, ती लिव्हरला साखर सोडू देत नाही. साखर मध्यरात्री किंवा सकाळी पडते. झोकांड्या जातात, जीभ जड होते आणि आजूबाजूचे म्हणतात, उतरली नाही अजून. पडून राहू देतात. शुगरच्या माणसाला असं पाहिलं तर आधी बोटाला मशीन लावा, मग काय बोलायचं ते बोला.

कामाचे दिवस, उपासाचे दिवस

सोंगणी, वेचणी, पोती उचलणं, या कामांनंतर स्नायू रात्रभर रक्तातली साखर ओढत राहतात. धोका कामाच्या वेळीच असतो असं नाही, पहाटेही असतो. घामेजून, वाईट स्वप्नानं जाग येणं, सकाळी डोकं जड असणं ही त्याची खूण. जास्त कामाच्या दिवशी मी दुपारी अर्धी भाकर वाढवतो आणि झोपण्याआधी मशीन लावतो. १०० च्या खाली असेल तर कपभर दूध घेतो. शिदोरीच्या फडक्यात साखरेची पुडी गाठ मारून असते, आणि ती चहाला वापरायची नाही असं घरात सगळ्यांना सांगितलेलं आहे. सोबत काम करणाऱ्या निदान एकाला तरी तुम्हाला शुगर आहे हे माहीत असू द्या. लाज वाटते, कळतं मला, पण धुऱ्यावर पडल्यावर ती काही उपयोगाची नाही.

आषाढी, शिवरात्रीला गोळी घेऊन उपाशी राहणं सगळ्यात वाईट, आणि गोळी टाळून साबुदाणा उसळ खाणं त्याच्या खालोखाल. उपास करायचाच असेल तर दोन दिवस आधी डोस विचारून घ्या. महालक्ष्म्यांच्या जेवणात मी एक पुरणपोळी खातो, भात घेत नाही, सोळा भाज्या आणि आंबील मात्र मनापासून. पंगतीत वाढप्याला हातानं नाही म्हणून चालत नाही, पत्रावळीवर आडवं व्हावं लागतं.

इन्सुलिनवाल्यांना दोन गोष्टी. बाटलीवर ४० लिहिलेलं असेल तर सुईही ४० चीच, लाल टोपणाची. १०० ची सुई नारिंगी टोपणाची असते. अदलाबदल झाली की डोस अडीचपट चुकतो. आणि आपल्याकडे उन्हाळ्यात पारा ४५ च्या पुढं जातो, तेव्हा फ्रिज नसेल तर बाटली प्लास्टिकच्या डबीत घालून ओल्या रेतीतल्या मातीच्या मडक्यात, सावलीला ठेवा. पत्र्याच्या खोलीत कपाटावर ठेवलेलं इन्सुलिन महिनाही टिकत नाही. फ्रिज असेल तर बर्फाच्या कप्प्यात नको, गोठलं की ते वाया गेलं.

वही

मशीनच्या पट्ट्या महाग पडतात, रोज चार वेळा कोण तपासणार? खाणं बदलल्यावर पहिले दोन आठवडे मात्र हात आखडू नका: सकाळी उपाशीपोटी, रात्रीच्या जेवणाआधी, आणि जेव्हा जेव्हा घाबरं होईल तेव्हा. पुढं आठवड्यातून तीन-चारदा, जेवणानंतर दोन तासांनी, पुरे. हात धुऊन बोटाच्या कडेला टोचा. गूळ फोडलेल्या बोटानं तपासलं की आकडा उगाच फुगतो, आणि तो फुगलेला आकडा पाहून कोणी गोळी वाढवली तर काय होईल ते सांगायला नको. पट्ट्यांची डबी लगेच बंद करायची.

तीन महिन्यांची सरासरी सांगणारी तपासणी करायला सांगतात, एचबीएवनसी. आपल्या भागात, विशेषतः पूर्व विदर्भात, सिकलसेल, म्हणजे तांबड्या पेशींचा आनुवंशिक आजार, बऱ्याच घरांत आहे. तो असेल तर ही तपासणी चुकीचा आकडा देऊ शकते, कारण ती तांबड्या पेशींवरच अवलंबून असते. सिकलसेलचं कार्ड असेल तर तपासणीआधीच दाखवा. अशा वेळी वहीतले मशीनचे आकडेच खरे धरायचे. सिकलसेलवाल्यानं पाणी कमी पडू दिलं तर दुखणं उसळतं, म्हणून पहिल्या दहा दिवसांची लघवी वाढण्याची गोष्ट त्यांच्यासाठी किरकोळ नाही. त्यांनी आधी डॉक्टरांना विचारूनच सुरुवात करावी.

वहीत मी चार रकाने आखले आहेत: तारीख, आकडा, त्याआधी काय खाल्लं, काय काम केलं. शेवटचा रकाना डॉक्टर सगळ्यात आधी पाहतात. पहिल्या महिन्यात माझी गोळी अर्धी झाली, तिसऱ्या महिन्यात रात्रीची बंद झाली. दोन्ही वेळा वही पाहून त्यांनीच केली. सकाळची अजून आहे.